दाजी गायब, दाजी हजर

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना कधी कळलं नाही. त्या गल्लीत सांगायच्या, "आमची सून कॉम्प्युटरच्या कुलपाचं बघती." त्यामुळं गल्लीतल्या बायका अधूनमधून मोबाइल घेऊन दारात उभ्या राहायच्या. नातवानं पॅटर्न बदललेला असायचा, किंवा नवऱ्यानं. मीही नाही म्हणायची नाही. माझ्या खऱ्या कामापेक्षा ते सोपं होतं आणि नवऱ्यांच्या मोबाइलमध्ये काय काय असतं, हे ज्ञान फुकट मिळायचं.

माझं काम सर्व्हरचं. जिल्ह्यातले दवाखाने, कॉलेजं, छापखाने, फोटो स्टुडिओ ही माझी गिऱ्हाइकं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून एसटीनं जायचं, मशीन बसवायची, बिघडली की परत जायचं. दारात पोचलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सर मागून येतायत का?" सुरुवातीला मला राग यायचा. पुढं पुढं मी म्हणायला लागले, "येतायत. तोवर मी करून ठेवते." काम संपवून मी निघाले तरी सरांची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिलीत. ईट गावच्या एका शाळेत हेडमास्तरांनी सरांसाठी पोहे झाकून ठेवले होते. पाच वाजले तरी सर आले नाहीत, तेव्हा ते पोहे त्यांनी मलाच डब्यात भरून दिले आणि म्हणाले, "सरांना आमचा नमस्कार सांगा." मी एसटीत बसून सरांचे पोहे खाल्ले. चांगले होते.

आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून हिंडणं बंद केलंय. धाराशिवला घरी बसून कधीमधी फोनवर सल्ला देते, तेवढंच. पण एक प्रकरण लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. ते समजायला सासूबाईंचं ते कुलूप काय आहे, हे आधी सांगायला हवं.

एका ऑफिसात चार कॉम्प्युटर आहेत आणि सगळ्यांच्या फाइली एकाच ठिकाणी, सर्व्हरवर आहेत. एकच फाइल दोघांनी एकदम उघडली आणि दोघंही त्यात काम करत बसले, तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचं राहतं. आधीच्याचं पुसून जातं. असं होऊ नये म्हणून जो आधी उघडेल त्याच्या नावानं सर्व्हर त्या फाइलीला कुलूप लावतो. दुसरा उघडायला गेला की त्याला सांगतो, ही सध्या अमक्याकडं आहे, तुम्ही थांबा. एवढंच.

भानगड याच्यापुढं आहे. एक सर्व्हर बंद पडला तर धंदा बसू नये म्हणून आम्ही दोन सर्व्हर लावतो आणि दोघांत मिळून डिस्कचं एकच कपाट ठेवतो. याला क्लस्टर म्हणतात. पहिला पडला की दुसरा काम हातात घेतो. फाइली कपाटात सुखरूप असतात. पण कुठल्या फाइलीचं कुलूप कुणाच्या नावानं होतं, हे पहिल्याच्या डोक्यात असतं. तो पडला की ते गेलं. दुसरा येतो तो कोऱ्या डोक्यानं येतो.

उमरगा-लोहारा जीपनं ज्यांनी प्रवास केलाय त्यांना हे लगेच कळेल. सीटवर रुमाल टाकून माणूस पाणी प्यायला उतरतो. तेवढ्यात जीप बिघडते आणि ड्रायव्हर दुसरी जीप आणून लावतो. या जीपमध्ये कुणाचाच रुमाल नाही. ड्रायव्हर शहाणा असला तर दारात आडवा उभा राहतो आणि म्हणतो, "आधीच्या गाडीत ज्यांची जागा होती त्यांनी आधी बोला. नव्यांनी जरा दम धरा." आमचा दुसरा सर्व्हर हेच करतो. दीड मिनिट तो नव्या कुणाला काही देत नाही. ज्यांच्याकडं आधी कुलूप होतं त्यांच्या मशीननी तेवढ्या वेळात ते परत मागून घ्यायचं असतं. त्या दीड मिनिटात सगळ्यांच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरतं आणि खाली लिहून येतं, 'कृपया प्रतीक्षा करा.'

आपल्याकडचा माणूस एसटीची दोन तास वाट बघतो. डॉक्टरची दुपारपर्यंत बघतो. लग्न लागायची किती बघतो, ते मुहूर्ताची वेळ छापणाऱ्यालाही माहीत नसतं. पण कॉम्प्युटरपुढं दीड मिनिट बसायचं म्हटलं की त्याच्या जिवाची नुसती तगमग होते. तो उंदीर आपटतो, वायरी हलवतो, आणि शेवटी मला फोन करतो. फोन लागून मी "हॅलो" म्हणेपर्यंत दीड मिनिट संपलेलं असतं. मग म्हणतो, "झालं झालं, मी केलं नीट."

उमरग्याला हायवेला लागून एक व्हिडिओ स्टुडिओ आहे. अजून चालू आहे म्हणून नाव सांगत नाही. मालक दोघं, गुरूअप्पा आणि दिगूभाऊ. गुरूअप्पांच्या घरी कानडी बोलतात, दिगूभाऊ जवळच्याच गावातल्या शेतकऱ्याच्या घरचे. दोघांनी तरुणपणी मिळून एक जुना कॅमेरा घेतला आणि लग्नं शूट करायला सुरुवात केली. आता पलीकडच्या कर्नाटकातूनही कामं येतात. शूटिंगला बाहेरची पोरं जातात. हे दोघं आत बसून व्हिडिओ कापतात आणि जोडतात. गुरूअप्पांचा हात शांत. मंगलाष्टकं चालू असतील तर ती पूर्ण ऐकवतील. दिगूभाऊंना पाकळ्यांचं वेड. त्यांच्या व्हिडिओत आभाळातून गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि नवरा-नवरी ढगातून उतरतात. एका व्हिडिओत तर भटजीही उतरले होते, चुकून.

त्यांच्याकडं क्लस्टर मीच बसवला होता. एक दिवस दुपारी शबानाचा फोन आला. शबाना तिथं काउंटरला बसते. गिऱ्हाईक, फोन, चहा, सगळं तीच बघते.

"मॅडम, लौकर या. लई वाईट झालंय."

"सर्व्हर बंद पडला का?"

"सर्व्हर चालू हाय. मान्सं बंद पडलीत."

"म्हणजे?"

"दोघं एकमेकाशी बोलंनात. आठवडा झाला. ह्यांनी मला सांगायचं, मी त्यांना सांगायचं. मधी नुसतं प्लायवूड हाय, सगळं ऐकू येतंय, तरीबी मीच सांगायचं. आज तर गवंडी आणलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी नळदुर्गमार्गे उमरग्याला उतरले. स्टुडिओच्या शटरच्या बरोबर मधोमध एक गवंडी टेप धरून उभा होता.

"बाई, जरा सरका," तो म्हणाला. "भिंत इथनं येणार हाय."

मी सरकले. आत शबानानं कपाळाला हात लावून दाखवला. तेवढ्यात गुरूअप्पा बाहेर आले. "अक्का, आलात? चला, आधी चहा घेऊ," म्हणून मला समोरच्या हॉटेलात घेऊन गेले. बसल्याबसल्या त्यांचे डोळे भरून आले.

"अक्का, इतकी वर्षं बरोबर काढली. असला माणूस न्हाई हो तो. पण आता माझ्या फाइलीत हात घालायलाय. मी दाजीला ठेवतो. सगळं नीट करून सेव्ह करतो. सकाळी उघडतो तर दाजी गायब! पुन्हा बसवतो, पुन्हा गायब! येन माडोदु, सांगा. काय करायचं मी?"

"कोण दाजी?"

तर ते असं होतं. लोहाऱ्याच्या एका मुलाचं लग्न यांनी शूट केलं होतं. नवऱ्या मुलाच्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, भर पंगतीतून उठून गेले होते. दोन घास खाल्ले, हात झटकला, आणि कुणाशी एक शब्द न बोलता गाडीला किक मारून निघून गेले. मुलीकडच्यांना ते फार लागलं. जावयाचा मान कुठं कमी पडला यावर त्यांच्यात खल झाला, आणि कुठंच कमी पडला नव्हता असं ठरल्यावर ते आणखी चिडले. नवरीच्या मामांनी दिगूभाऊंना फोन केला, ते त्यांच्या गावाकडचे म्हणून. "त्या माणसाचं तोंड आमाला व्हिडिओत दिसाय नको." इकडं मुलाच्या वडिलांनी गुरूअप्पांना फोन केला. "आमचा जावई हाय. त्याला चांगलं चार-पाच वेळा दाखवा, न्हायतर पोरगी बोलंल." दोघांनीही आपापल्या पाहुण्याला "करतो की" म्हटलं आणि एकमेकांना सांगितलं नाही, कारण ही काही सांगायची गोष्ट आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

चहा पिऊन परत आले तर दिगूभाऊ वाट बघत होते. "ताई, चला, चहा घेऊ." पुन्हा तेच हॉटेल, तेच टेबल. चहावाल्यानं टेबल पुसलंसुद्धा नाही.

"ताई, म्या दाजीला दुपारी बसून कापून काढला. पंगतीतनं काढला, मंगलाष्टकातनं काढला, ग्रुप फोटोतनं काढला. लई कष्ट पडले, त्याच्या शेजारी उभी असलेली म्हातारी निम्मी गेली. सकाळी येऊन बघतो तर दाजी हजर! वर माझ्या पाकळ्या बी काढलेल्या. दाजीचं मी समजू शकतो ताई, पण पाकळ्यांनी अप्पाचं काय वाकडं केलं होतं?"

"फाइल अप्पांकडं उघडी असली तर तुम्हाला लाल कुलूप दिसतं ना?"

"दिसतं की. पण दुपारी जेवून आलो की हिरवं असतंय. मला वाटायचं, अप्पानं माझ्यासाठी बंद करून ठेवली. अन् असं गोड वागून हा माणूस मागनं माझं पुसतोय! हे लई लागलं मला."

उद्या लोहाऱ्यात लग्नानंतरचा देवीचा गोंधळ होता आणि तिथं पडदा लावून सगळ्या भावकीला हा व्हिडिओ दाखवायचा होता. दोन्हीकडची माणसं येणार होती. त्यात दाजी असणार की नसणार, हे त्या क्षणी उमरग्यात कुणालाच सांगता आलं नसतं.

मी सर्व्हरच्या खोलीत गेले. खोली म्हणजे मागची अडगळ. प्लास्टिकची फुलं, थर्माकोलचे हत्ती, फोटोसाठीचं मोराचं सिंहासन, आणि त्यामागं माझे दोन सर्व्हर. दोघांना हार घातलेला होता, पहिल्याचा ताजा, दुसऱ्याचा वाळलेला. बाकी सगळ्यांचे यूपीएस चालत होते, पहिल्याचा तेवढा मरून पडला होता. दुपारी लाइट गेली की पहिला पडायचा आणि दुसरा काम हातात घ्यायचा. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणं. दुसरा उठल्यावर नव्यांना किती वेळ थांबवतो, ते मी तपासलं. दीड मिनिटाच्या जागी शून्य होतं.

एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. हेल्मेट काखेत मारून एक धिप्पाड गृहस्थ काउंटरपाशी आले.

"मी हणमंतराव. लोहाऱ्याच्या लग्नातला." त्यांनी घसा साफ केला. "व्हिडिओतनं मला काढतायत म्हनून कानावर आलंय. मी हाय का न्हाय, तेवढं सांगा."

शबानानं माझ्याकडं बघितलं. प्लायवूडच्या दोन्ही बाजूंनी एकेक डोकं वर आलं.

मी म्हटलं, "दाजी, बसा. आत्ता कळेल."

दाजी मोराच्या सिंहासनावर बसले, दुसरी खुर्ची नव्हती. गवंडीही टेप गुंडाळून आत येऊन उभा राहिला.

"अप्पा, तुम्ही फाइल उघडा," मी सांगितलं. गुरूअप्पांनी उघडली. त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवं कुलूप आलं. "भाऊ, आता तुम्ही उघडा." दिगूभाऊंना लाल आलं, 'गुरूअप्पा यांच्याकडे उघडी आहे.' मी म्हटलं, "छान. अप्पा, तुम्ही रोज जेवायला उठता तसे उठून बाहेर या. काही बंद करू नका."

ते बाहेर आल्यावर मी मागं जाऊन पहिल्या सर्व्हरचं बटण बंद केलं. दुसरा उठला. त्याला थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"भाऊ, उघडा."

दिगूभाऊंनी क्लिक केलं. हिरवं कुलूप.

"आता दोघंही जागा बदला. अप्पा, तुम्ही भाऊंचा स्क्रीन बघा. भाऊ, तुम्ही अप्पांचा."

एका आठवड्यात पहिल्यांदा ते दोघं प्लायवूडच्या एकमेकांच्या बाजूला गेले. मला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. आधी गुरूअप्पांचा आवाज आला, "हे हिरवं आहे." मग पलीकडून दिगूभाऊंचा, "हे बी हिरवं हाय."

शबाना हळूच म्हणाली, "म्हंजे दोघं बी खरं बोलत होते की."

हो, दोघंही खरं बोलत होते. दुसऱ्या सर्व्हरनं कोऱ्या डोक्यानं उठून पहिल्या मागणाऱ्याला कुलूप दिलं. गुरूअप्पांच्या मशीननं आपलं परत मागेपर्यंत ते गेलेलं होतं, आणि त्यांचं व्हिडिओ सॉफ्टवेअर फाइल उघडताना एकदाच कुलूप बघायचं. नंतर पुन्हा विचारायचं नाही. त्यामुळं एकाच फाइलीवर दोघं दिवसभर काम करायचे, दोघांनाही मशीन सांगायचं की ही तुमची, आणि घरी जाताना ज्याचं बोट सेव्हवर शेवटी पडेल त्याचा व्हिडिओ राहायचा. ज्या दिवशी दिगूभाऊ मागं राहिले त्या दिवशी दाजी गायब. ज्या दिवशी गुरूअप्पा मागं राहिले त्या दिवशी दाजी हजर.

"आता मला एक सांगा," मी विचारलं. "थांबायची वेळ शून्य कुणी केली?"

प्लायवूडच्या दोन्ही बाजूंनी दोन बोटं बाहेर आली. एकमेकांकडं.

"आता काय लपवायलाय?" शबाना म्हणाली. "दोघांनी मिळून केलं, मॅडम. सोलापूरहून एक एक्सपर्ट बोलावला व्हता. दीड मिनिट थांबावं लागतंय म्हनून. त्यानं पाच मिनिटांत मशीन फास्ट करून दिली. दोघांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला त्याचा. त्यो बघा."

भिंतीवर फ्रेम होती. मधे शाल पांघरलेला एक गोरा तरुण, एका बाजूला गुरूअप्पा, दुसऱ्या बाजूला दिगूभाऊ, तिघंही हसतायत. वरून पाकळ्या पडतायत.

 त्या एक्सपर्टचा मला राग आला नाही. गिऱ्हाइकाला जे हवं होतं ते त्यानं दिलं. मी जे दिलं होतं ते कुणालाच नको होतं. मी शून्य पुसून पुन्हा दीड मिनिट घातलं, पहिला सर्व्हर परत कामाला लावला, दोघांना फाइल बंद करून आपापल्या जागी बसायला सांगितलं, आणि म्हटलं, "परत एकदा बघू. अप्पा, उघडा." त्यांनी उघडली. मी पुन्हा पहिला सर्व्हर बंद केला, दुसऱ्याला उठू दिलं आणि भाऊंनाही उघडायला सांगितलं.

दोन्ही स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं. 'कृपया प्रतीक्षा करा.'

आता सगळे अडकले. दिगूभाऊ उंदीर आपटायला गेले, मी नजरेनं थांबवलं. गुरूअप्पा बोटांनी टेबल वाजवायला लागले. कुणाला काही करता येत नव्हतं आणि बघायला त्या चक्राशिवाय काही नव्हतं. तेव्हा सिंहासनावरून दाजी बोलले.

"तेवढं कळू द्या. मला काढत का होते?"

दिगूभाऊंनी स्क्रीनकडं बघितलं. चक्र फिरतच होतं. कामात असल्याचं सोंग घ्यायचीही सोय नव्हती.

"तुम्ही पंगतीतनं उठून गेलात म्हनून," ते शेवटी म्हणाले. "मुलीकडच्यांना लागलं ते."

दाजी सिंहासनावरून उठलेच. "मी? अहो, माझी दाढ!"

"दाढ?"

"चार दिवसांपासून ठणकत होती. लग्न हाय म्हनून गप राहिलो. पयली जिलेबी चावली अन् डोळ्यापुढं अंधार आला. तिथनं निघालो ते थेट इथं, तुमच्या बाजूच्या गल्लीतल्या दवाखान्यात. ही बघा, काढलीय." त्यांनी तोंड उघडून बोटानं जागा दाखवली. गवंडीनं वाकून बघितली आणि मान डोलावली.

"मग सांगायचं न्हाई का कुणाला?" गुरूअप्पा कळवळून म्हणाले.

"तोंड उघडंना, तर सांगू कशानं?"

चक्र थांबलं. गुरूअप्पांच्या स्क्रीनवर हिरवं कुलूप परत आलं. दिगूभाऊंना लाल.

"अप्पा," दिगूभाऊ प्लायवूडवरून म्हणाले, "तुझ्याकडं हाय."

"हं," गुरूअप्पा म्हणाले. "माझ्याकडं आहे." शबानाला मधे न घेता ते एकमेकांशी बोलले, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. तिनं ओढणीनं डोळे टिपले आणि चहा सांगायला गेली.

गुरूअप्पांनी पंगतीचा शॉट मोठा केला. दाजी पानावर बसलेत, समोर जिलेबी आहे, आणि डावा गाल बटाट्यासारखा सुजलाय. आठवडाभर एकानं तो गाल कापला होता आणि दुसऱ्यानं परत चिकटवला होता. दोघांपैकी एकानंही तो बघितला नव्हता. दिगूभाऊंनी लगेच मामांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दाढेचं ऐकून मामा कळवळले.

"अरे देवा. अन् आमी त्यांच्या नावानं इतके दिवस काय काय बोललो." मग म्हणाले, "कुठल्या डॉक्टरनं काढली? दुखली का लई? माझी बी हालायलीय."

दाजींनी फोन हातात घेतला आणि दवाखान्याचा पत्ता सांगितला. दोघं दाढेवर इतके रंगले की लग्नाचा विषयच राहून गेला.

आता एकच प्रश्न उरला होता. फाइल एक, पण रोजच्या बॅकअपमध्ये व्हिडिओ दोन निघाले. गुरूअप्पांच्या व्हिडिओत दाजी होते पण पाकळ्या नव्हत्या. दिगूभाऊंच्या व्हिडिओत पाकळ्या होत्या, दाजी नव्हते. मी म्हटलं, एकाचा ठेवून त्यावर बाकीचं काम करा, दोन्ही एकत्र होणार नाहीत. तसं दिगूभाऊ म्हणाले, "अप्पाचा ठेवा." गुरूअप्पा म्हणाले, "न्हाई, ह्याचा ठेवा, ह्यानं जास्त कष्ट घेतलेत." "माझ्यातली म्हातारी निम्मी गेलीय, तुझाच ठेवू." "अरे, म्हातारी मी परत आणतो, पण तुझ्या पाकळ्या..." दहा मिनिटांत आवाज पुन्हा चढले. शबाना माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, हे तर पयल्यापेक्षा जास्त झालं."

गवंडी पुढं झाला. "मालक, भिंतीचं काय करायचं?"

"कसली भिंत?" दोघं एकदमच म्हणाले. पण बोलावलेला माणूस रिकाम्या हातानं कसा पाठवायचा, म्हणून त्याच्याकडून सर्व्हरखाली एक छोटा ओटा बांधून घ्यायचं ठरलं. जमिनीला ओल होतीच. यूपीएसची बॅटरीही त्याच दिवशी आली. एक्सपर्टची फ्रेम मात्र त्यांनी काढली नाही. पाकळ्या चांगल्या आल्यात, असं दिगूभाऊंचं म्हणणं पडलं.

परतीच्या एसटीत मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यात एक टोचणी होती. डिस्क जळाली तर धूर निघतो, सर्व्हर बसला तर फोन येतो. पण कुलूप हरवतं तेव्हा कसलाच आवाज होत नाही. सगळं चालू असतं, सगळ्यांच्या कोपऱ्यात हिरवं असतं, आणि माणूस शेजारच्या माणसाला चोर समजायला लागतो. इथं शबाना होती म्हणून मला फोन आला. जिथून फोन आलाच नाही अशा किती ऑफिसांत, किती भागीदारांत, भिंती बांधून झाल्या असतील, ते मला कधीच कळणार नाही. मशीनचा दोष माणसाच्या नावावर जमा होतो आणि तिथंच राहतो. एवढी वर्षं हे काम केलं, पण या गोष्टीचं वाईट वाटायचं थांबलं नाही.

गोंधळ नीट पार पडला. शबानानं फोनवर सगळं सांगितलं. शेवटी गुरूअप्पांचा व्हिडिओ राहिला आणि दिगूभाऊंनी त्यात हात आखडून थोड्याच पाकळ्या टाकल्या. पंगतीचा शॉट आला, पडद्यावर दाजींचा गाल खिडकीएवढा झाला, आणि मामांनी उठून सगळ्या भावकीला दाढेची हकिगत सांगितली. बायका हळहळल्या. नवरीची आई तिथल्या तिथं उठली आणि तिनं दाजींसाठी मऊ शिरा करून आणला. मुलाकडच्यांनीही मग आग्रह केला.

पुढं काही महिन्यांनी उमरग्याच्या स्टँडवर दाजी भेटले. तब्येत चांगली होती, पण तोंड उतरलेलं दिसलं. मी विचारलं, "दाढ पुन्हा दुखते का?"

"दाढ कवाच गेली हो मॅडम. आता हरभरे फोडून खातो मी." त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "पण दोन्ही पाहुण्यांत कुठं बी लग्न असू द्या, मी पंगतीला बसलो की सगळ्यांच्या पानात जिलेबी पडती अन् माझ्या पानात शिरा. प्रेमानं वाढतात, नको कसं म्हणायचं? अन् उठून बी जाता येत न्हाय!"